टेस्टिंगकाकांचे तीन प्रश्न

आमच्या चाळीत दिवस माशांच्या नावांनी उजाडायचा. सकाळी सात वाजले की सहा नंबरच्या खोलीतून आधी खर्रर्र असा आवाज यायचा, मग कुणीतरी माईकवर दोन टिचक्या मारायचं आणि मग सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं, पण अगदी सावकाश, एकेक नाव यायचं. "हॅलो... पेडवे... बांगडे... सुंगटां." एकदा झालं की पुन्हा. मग एखादं भक्तिगीत अर्धं वाजायचं, त्याच्यामागून सिनेमाचं एखादं गाणं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी सगळं शांत व्हायचं. जगातले सगळे माईकवाले "वन टू थ्री" म्हणतात, तुम्ही पेडवे-बांगडे का म्हणता, असं मी लहानपणी त्यांना विचारलं होतं. "वन-टू-थ्रीत काय कळता? 'प' म्हटला की माईक फुटता आणि 'स' म्हटला की शिटी मारता. पेडवे आणि सुंगटां नीट वाजली की आपलो सेट नीट," असं ते म्हणाले. बांगडे मध्ये कशाला, तर ते आवडतात म्हणून.

चाळीने त्यांचं नाव टेस्टिंगकाका ठेवलं होतं. लग्न, बारसं, पूजा, गणपती, कुठेही लाउडस्पीकर लावायचा तो त्यांचा धंदा. त्यांचं खरं नाव त्यांच्या रेशनकार्डावर असे, आणि पुढे एकदा ते मी सरकारी कागदावर माझ्या हाताने लिहिलं. त्याची हकिगत पुढे येईलच, पण एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं कौतुक वाचून तुमचा माझ्याबद्दल भलताच समज व्हायचा. या माणसाविरुद्ध पोलिसांत तक्रार करणारी मी. निनावी.

कांजूरमार्गला पूर्वेकडे आमची बैठी चाळ होती. समोरासमोर दोन ओळी, प्रत्येकीत नऊ खोल्या, मध्ये गटार आणि त्यावर फरश्या. मागे मिठागरं. जवळजवळ सगळी घरं कोकणातली, आणि बहुतेक घरांतला कर्ता पुरुष गिरणीत. टेस्टिंगकाका एकटेच गिरणीच्या वाटेला गेले नव्हते. त्यांनी तरुणपणी कुणाकडून तरी जुना अँप्लिफायर घेतला होता, काचेचे व्हॉल्व्ह असलेला, लोखंडी पेटीतला. त्या पेटीचा त्यांना केवढा जिव्हाळा! काकींच्या जुन्या लुगड्यांची गोधडी होती, ती फक्त त्या पेटीसाठी. कामावर निघाले की गोधडीत गुंडाळलेली पेटी उराशी धरून चालायचे, आणि मागे काकी खांद्यावर वायरचं वेटोळं घेऊन. मूलबाळ नव्हतं. "बाळाक बाहेर काढला," असं काकीच हसत म्हणायच्या. सकाळचं ते रोजचं वाजवणंही हौसेचं नव्हतं. मिठागराच्या खाऱ्या हवेनं आतल्या तारा सादळतात, रोज तापवला नाही तर सेट मरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. चाळीला ते पटलं होतं की सवय झाली होती, कोण जाणे. पाहुणे मात्र दचकून उठायचे.

एवढा मोठा आवाज विकणारा माणूस स्वतः अगदी हळू बोलायचा. आणि भोंगा बांधण्याआधी त्याचा एक नेम होता. ज्या वस्तीत काम असेल तिथल्या प्रत्येक दारावर जाऊन, चपला बाहेर काढून, तो तीन प्रश्न विचारायचा. "आजारी कोण? बाळंतीण कोण? परीक्षा कोणाची?" उत्तरं कुठे लिहून घ्यायची नाहीत, सगळी डोक्यात. मग वर बघत, मान तिरपी करत भोंग्याचं तोंड कुठे करायचं ते ठरायचं. आमच्या समोरच्या ओळीत तळेकर आजी अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. पाच वर्षांत एकाही भोंग्याचं तोंड त्यांच्या दाराकडे झालं नव्हतं. सगळीकडूनच अडचण निघाली तर काका भोंगा सरळ मागे मिठागराकडे फिरवायचे. एकदा एका लग्नघरचे लोक चिडले, पैसे आमचे आणि गाणी मिठाला ऐकवता काय म्हणून. काका शांतपणे म्हणाले, "मिठाक कान नसतत. पण आवाज परत येता. तुमका पुरता तेवढो."

माझी आणि त्यांची गट्टी जमली ती अक्षरामुळे. ते तिसरीपर्यंत शिकलेले. गणपतीत माईकवरून घोषणा करायच्या असत: आज आरती अमक्यांच्या हस्ते, हरवलेली मुलगी मंडपाजवळ आहे, उद्या महिलांसाठी संगीत खुर्ची. मंडळाची पोरं चिठ्ठ्या खरडून द्यायची, त्या वाचताना काका घामाघूम व्हायचे. मी चौथीत असताना एक चिठ्ठी मी लिहिली, आणि त्यांनी ती हात लांब करून, चष्मा न लावता, न अडखळता वाचली. तेव्हापासून टेस्टिंगकाकांच्या चिठ्ठ्या मी लिहायच्या हे ठरून गेलं. "काय गो शुभा, तुझा अक्षर लांबसून दिसता," असं म्हणून ते माझ्या टपलीत मारायचे. कॉलेजात गेल्यावरही मी त्यांना चिठ्ठ्या लिहून देत होते. माझं अक्षर माझ्या आईपेक्षा त्यांनी जास्त वेळा वाचलं असेल.

मी दहावी पास झाले त्या दिवशी त्यांनी मला न विचारता भोंगा आमच्या दारावरच बांधला. "आपल्या चाळीतली कुमारी शुभांगी फस्क्लासमध्ये पास झालेली आसा," हे मिठागरापासून रेल्वे फाटकापर्यंत ऐकू गेलं. बाबा रस्त्यावर उभे राहून ऐकत होते, त्यांना दुसऱ्यांदा ऐकायचं होतं म्हणून काकांनी ते दुसऱ्यांदाही सांगितलं. मी आत लाजेनं अर्धी झाले होते, पण ती लाज गोड होती, खोटं कशाला बोलू.

पुढे गिरण्यांचा संप झाला आणि बाबा घरी बसले. नंतर एका गोदामात त्यांना रखवालदारी मिळाली, पण घर खरं चाललं ते आईच्या पोळीभाजीच्या डब्यांवर. मी पदवीला होते आणि बँकेची परीक्षा हा आमच्या घराचा एकमेव बेत होता. पहिल्यांदा बसले तेव्हा काकांनी महिनाभर सकाळचं टेस्टिंगसुद्धा बंद ठेवलं होतं. रेडिओ मोठा लावला म्हणून ते इतरांच्या दारात जाऊन सांगायचे, "शुभाची परीक्षा आसा, वायच बारीक करा." सगळी चाळ माझ्यासाठी हलक्या पावलांनी चालत होती. आणि मी नापास झाले.

त्यानंतरचे दिवस मला आठवत नाहीत म्हटलं तर ते खोटं होईल. नळावर, पिठाच्या गिरणीत, रेशनच्या रांगेत प्रत्येकजण मला समजावत होता. "होतं गं असं," "पुढच्या वेळी हो," "बँकच का पाहिजे?" त्या सहानुभूतीपेक्षा कुणी कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं. मी मनाशी ठरवलं की दुसऱ्यांदा बसेन ते कुणाला कळू न देता. फॉर्म भरला तो आईबाबांनाच ठाऊक. टेस्टिंगकाकांना तर मुळीच कळता कामा नये, कारण त्यांना कळलं की चाळीला कळलं. तो माणूस प्रेमही भोंग्यातून करायचा.

परीक्षा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होती. आणि सव्वीस जानेवारीला आमच्याकडे सार्वजनिक सत्यनारायण. ज्यांनी उपनगरातल्या चाळी पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको, त्या आठवड्यात एकही चाळ पूजेवाचून राहत नाही. आज आमची, उद्या पलीकडची, परवा त्याच्यापलीकडची, आणि सगळीकडे सेट टेस्टिंगकाकांचा. पूजेच्या चार दिवस आधी ते नेहमीप्रमाणे दारात आले. चपला काढल्या. मी दारातच तांदूळ निवडत बसले होते, तांदळाखाली पुस्तक होतं.

"आजारी कोण?"

"कोणी नाही, काका."

"बाळंतीण तर नायच. परीक्षा कोणाची?"

"कोणाची नाही," मी म्हणाले. वर हसलेसुद्धा.

"मग झकास," ते म्हणाले. "तळेकरआजीकडे करूचो नाय, म्हणजे ह्या वेळेक भोंगो तुमच्या ओळीक."

तसंच झालं. आमच्या खोलीच्या मागच्या खांबावर, माझ्या डोक्यापासून आठ-दहा हातांवर, भोंग्याचं तोंड आमच्या पत्र्याकडे. सकाळी सातपासून गाणी, दुपारी कथा, संध्याकाळी हळदीकुंकू आणि लिंबू-चमचा. मी कानांत कापूस कोंबला, उशीखाली डोकं घातलं, संडासाजवळच्या टाकीमागे जाऊन बसले. गणितं सुटेनात. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या चाळीची पूजा, भोंगा त्याच खांबावर. तिसऱ्या दिवशीही तेच. मी सहा नंबरमध्ये जाऊन एक शब्द बोलले असते, "काका, परीक्षा आहे," तर पाच मिनिटांत भोंगा मिठागराकडे वळला असता. हे मला त्याही वेळी माहीत होतं. पण मग कळलं असतं ना सगळ्यांना.

त्याऐवजी मी फुलस्केप काढला आणि पोलीस ठाण्याच्या साहेबांना अर्ज लिहिला. निबंधात मला नेहमी चांगले मार्क पडत. "सदर इसम विनापरवाना रोज सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत कर्णकर्कश आवाजात गाणी वाजवतो." मध्यरात्रीपर्यंत त्यांनी कधीच वाजवलं नव्हतं. पूजेचा परवाना त्यांच्याकडे होता, रोजच्या टेस्टिंगचा नव्हता, हे चिठ्ठ्या लिहिता लिहिता मला ठाऊक झालं होतं. आणि पुढे लिहिलं, "वस्तीतील अर्धांगवायूने आजारी वृद्धेचे अतोनात हाल होत असून सदर इसमास त्याची पर्वा नाही." हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि मला ते आवडलं. खाली "एक त्रस्त रहिवासी." रेल्वे स्टेशनाबाहेरच्या टपालपेटीत टाकून आले तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटलं नाही. हुशारी केल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांनी सकाळी पेडवे झाले, बांगडे झाले आणि सुंगटांच्या आधी आवाज तुटला. बाहेर आले तर फरशीवर दोन हवालदार उभे. परवाना आहे का, नाही, मग सेट ठाण्यात. चाळ दारादारांत येऊन उभी राहिली. ज्यांच्या घरची बारशी, हळदी काकांनी फुकट वाजवून दिल्या होत्या ते सगळे, आणि त्यांच्यात मी. काकांनी वाद घातला नाही. पेटी गार होईपर्यंत थांबा एवढीच विनंती केली, मग ती गोधडीत गुंडाळून हवालदाराच्या हातात दिली आणि म्हणाले, "साहेब, जमिनीवर ठेवू नका हां. ओल लागते."

त्यानंतर तीन दिवस चाळीत जी शांतता होती तिच्यात मी अभ्यास केला. चांगला झाला. हेही सांगायलाच हवं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी काका आमच्या दारात आले. दुपारी त्यांना ठाण्यात बोलावलं होतं. हातात कोरा फुलस्केप. बाबा त्यांना बघून उसळलेच. "कोण हलकट आहे ते कळलं का? दाखवला का कागद? नाव सांग, त्याच्या तंगड्या तोडतो!"

"दाखवल्यानी," काका म्हणाले. "नाव नाय त्याच्यावर. जाऊ दे रे. कोणाक तरी त्रास झालोच असतलो." मग माझ्याकडे वळून, "शुभा, सेट परत मिळूक अर्ज करूचो आसा. लिवशील?"

बाबा म्हणाले, "विचारतोस काय? तीच लिहिणार."

मी पाट घेऊन बसले. काका समोर मांडी घालून. ते सांगत होते, मी लिहीत होते. त्यांचं पूर्ण नाव, वय, पत्ता. "माझ्या हातून चूक झाली. परवाना काढीन. पोटाचा दुसरा धंदा नाही." दोन-तीन ओळी झाल्या असतील. काका पुढे वाकले आणि माझ्या कागदाकडे पाहत राहिले. बाबा तेव्हा मोरीत हातपाय धूत होते, आई स्टोव्हशी. काका अगदी खालच्या आवाजात बोलले.

"बाय, असा नको लिवू. जरा वाकडातिकडा लिव. सायबाच्या टेबलार दोन्ही कागद शेजारी-शेजारी रवतले."

माझा हात तिथेच थांबला. त्यांनी माझ्या हातातला कागद अलगद काढून घेतला, त्याची चौकोनी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि दुसरा कोरा कागद पाटावर ठेवला. "ह्या घे. सावकाश." मी डाव्या हाताने लिहायला घेतलं. अक्षरं कोंबडीच्या पायांसारखी पडत होती. काका प्रत्येक शब्दाला थांबत होते. बाबा हात पुसत आले आणि डोकावून म्हणाले, "हे काय गं? एवढ्या मोठ्या माणसाचा अर्ज, आणि असलं अक्षर?"

"तिचो हात दुखता," काका म्हणाले. "मीच म्हटलंय, डाव्यान लिव."

दुसऱ्या दिवशी परीक्षा दिली आणि पास झाले. जूनमध्ये बँकेत लागले. सेट त्यांना परत मिळाला, पण पाऊस सुरू झाल्यावर. जिथे ठेवला होता ती खोली गळत होती, आणि गोधडी वाटेत कुठेतरी गेली होती. काकांनी चार दिवस पेटी उघडून ठेवली, स्टोव्हची ऊब दिली, कापसाने एकेक तार पुसली. आवाज यायचा, पण फाटका. नवीन सेट घेण्याची ऐपत नव्हती. लोकही कॅसेटवाल्या नव्या पोरांकडे जायला लागले होते, जे कुणाच्याही दारात जाऊन काही विचारत नसत. काकांनी दोन वर्षं एका शाळेत घंटा वाजवायची नोकरी केली आणि मग गावी जायचं ठरवलं.

या दोन वर्षांत मी रोज त्यांच्या दारावरून बँकेत जात होते. एकदाही थांबून बोलले नाही की काका, मी चुकले. दर पगाराला वाटायचं की यातून त्यांना सेट घेऊन द्यावा, आणि मग वाटायचं, तो देताना काय सांगणार? त्यांनी माझ्याशी वागणं रतीभरही बदललं नव्हतं, आणि त्याचाच मला राग यायचा. माणूस स्वतः अपराधी असला की समोरच्याच्या चांगुलपणावर चिडतो, हे मी तेव्हा शिकले. मी त्यांना टाळायला लागले. सकाळी त्यांच्या खोलीचं दार उघडं दिसलं की मागच्या बाजूने, टाकीवरून वळसा घेऊन जायची. काकींनी एकदा आईला विचारलं, "शुभा मोठी साहेबीण झाली काय? बोलत नाय ती." आईने मला झापलं. मी कामाचं निमित्त सांगितलं.

ते गेले त्या दिवशी रविवार होता, म्हणून सुटका नव्हती. रस्त्याला टेम्पो उभा, त्यात एक ट्रंक, दोन पोती भांडी आणि ती लोखंडी पेटी. सगळी चाळ निरोपाला. मी पाया पडले. काकांनी मला बाजूला, फरशीच्या टोकाला नेलं. मला वाटलं, आता विचारतील, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. त्यांनी एकदा ओरडावं, म्हणजे मी रडेन आणि संपेल, असा माझा सरळ हिशेब होता.

ते रागावले नव्हते. त्यांना खरोखरच एक गोष्ट कळलेली नव्हती आणि ती दोन वर्षं त्यांना टोचत होती, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"शुभा, माका एकच सांग. मी दारात येवन विचारलंय, परीक्षा कोणाची म्हणान. तेव्हा कित्याक नाय सांगलंस? भोंगो फिरवलो असतो गो मी."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. की काका, मला नापास व्हायची भीती वाटत होती. की तुम्ही सगळे माझ्यासाठी पुन्हा हलक्या पावलांनी चालाल, ते मला सोसणार नव्हतं. की तुमच्या प्रेमाची मला लाज वाटत होती. यातलं एकही वाक्य कठीण नव्हतं. ते माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत समजून घेणारे होते. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"तेव्हा लक्षातच आलं नाही, काका," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाता कधीतरी ध्यानातसून. एवढा मनाक लावन घेव नको."

पुढच्या मे महिन्यात ते गावीच वारले. बातमी आली तेव्हा मी बँकेत होते. आजही टेस्टिंगकाकांचा विषय निघाला की जुने शेजारी म्हणतात, तुझ्यावर त्यांचा फार जीव होता. होता. आणि त्यांच्याशी मी बोललेलं शेवटचं वाक्य खोटं होतं.